स्क्रीन वाचली म्हणजे कळली का? अंधांसाठीच्या तंत्रज्ञानातली माझी १८ वर्षं

सहाठिपके (धागाकर्ता)

परवा भाचा घरी आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. "मामा, प्रोजेक्ट ठरला. अंधांसाठी स्मार्ट गॉगल. समोर काही आलं की बीप वाजणार." मला हसू आलं आणि त्याला राग आला. हसलो, कारण २००६ साली मी हाच प्रोजेक्ट केला होता. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजात हा गॉगल जन्माला येतो, प्रदर्शनात बक्षीस मिळवतो आणि जूनपर्यंत लॅबच्या कपाटात जाऊन पडतो.

माझा गॉगल घेऊन मी पुण्यातल्या एका अंधशाळेत गेलो होतो. सातवीतल्या एका मुलाने तो चढवला आणि व्हरांड्यात वीसेक पावलं चालला. गॉगल अखंड बोंबलत होता. मुलगा थांबला आणि म्हणाला, "दादा, हा सारखा भिंत आहे, भिंत आहे करतोय. भिंत मला माहितीय, तिला धरूनच चालतो मी. बसचा नंबर सांगतो का हा?"

नाही सांगत, म्हटलं. त्याने गॉगल काढून, घडी घालून, माझ्या हातात दिला. फार सभ्य मुलगा होता.

दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी कोणी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारतं, या क्षेत्रात यायचंय, काय शिकू? भाच्याला जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो.

आधी काठीबद्दल. पांढरी काठी दिसायला साधी असते, पण खड्डा, पायरी, गटार, रस्त्याचा पोत हे सगळं ती हाताला कळवते. तिला कळत नाही ते गुडघ्याच्या वरचं: अर्धवट उघडी खिडकी, उभ्या टेम्पोचा मागे आलेला फळका, झाडाची फांदी. आयआयटी दिल्लीच्या मंडळींनी २०१४ मध्ये 'स्मार्टकेन' आणली, ती नेमकी इथे शिरली. नेहमीच्याच काठीच्या वरच्या टोकाला बसणारं यंत्र. ध्वनिलहरींनी साधारण तीन मीटरपर्यंतचा अडथळा हेरतं आणि मुठीत थरथरून सांगतं. बीप नाही, कारण कान रहदारीसाठी मोकळे हवेत. त्यांनी काठी काढून घेतली नाही, काठीला जमत नाही तेवढंच केलं. हे मला २००६ मध्ये सुचलं नव्हतं.

आता टी. व्ही. रमण. आपल्याकडे हे नाव पुरेसं माहीत नाही याचं मला नवल वाटतं, कारण माणूस पुण्याचा. १९६५ चा जन्म. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी दृष्टी पूर्ण गेली. वाडिया कॉलेजातून गणिताची पदवी, मग आयआयटी मुंबईतून कॉम्प्युटर सायन्स. त्यांच्याकडे तेव्हा बोलणारा कॉम्प्युटर नव्हता. पुस्तक असो की स्क्रीन, कोणीतरी शेजारी बसून वाचून दाखवायचं. तशा परिस्थितीत त्यांनी प्रोजेक्ट काय केला, तर 'काँग्रॅट्स' नावाचा प्रोग्राम, ज्यात आलेखातली वक्ररेषा ऐकून समजून घेता येते.

पुढे कॉर्नेलला पीएचडी. १९९४ चा प्रबंध, आणि त्यातल्या गणित वाचून दाखवणाऱ्या प्रणालीचं नाव ऐस्टर. रमण यांच्या वाटाड्या कुत्रीचं नावही ऐस्टरच. या प्रबंधाला एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला, पण ते सोडा; त्यातला प्रश्न बघा. मी तुम्हाला फोनवर सांगितलं, "एक्सचा घात एन अधिक एक." आता एन अधिक एक हा सगळा घात, की एक्सचा एनवा घात आणि त्यात वेगळा एक मिळवायचा? कागदावर प्रश्नच येत नाही, घात वर चढवून बारीक लिहिलेला असतो. डोळ्याला जी उंची दिसते ती कानाला कशी द्यायची? ऐस्टरने घाताचा भाग चढ्या आवाजात वाचला. आवाज खाली आला की घात संपला. कंस उघडला, कंस बंद अशी पाठांतराची कसरत नाही.

त्यानंतरचं त्यांचं ईमॅकस्पीक, म्हणजे ईमॅक्स या मजकूर लिहायच्या प्रोग्रामला बोलतं करणारी प्रणाली, याच विचारावर उभं आहे. साधा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, कॅलेंडर कसं वाचणार? एक, दोन, तीन, चार, पाच. ओळीत आकडे आहेत, त्याने आकडे वाचले. पण तुम्ही पाचावर उभे असताना तुम्हाला हवं असतं "गुरुवार, ५ तारीख". डोळस माणूस वरच्या वारांच्या ओळीकडे नकळत नजर टाकतो, ती नजर आवाजात घालायची. ईमॅकस्पीक स्क्रीनवरची अक्षरं उचलत नाही, ज्या प्रोग्रामला हे कॅलेंडर आहे हे ठाऊक असतं त्यालाच बोलतं करतं.

२००५ मध्ये ते गूगलमध्ये गेले. तिथे टचस्क्रीनचं संकट आलं. गुळगुळीत काच, एकही बटण हाताला लागत नाही. रमण आणि त्यांचे सहकारी चार्ल्स चेन यांनी फोन नंबर लावायचा डायलर केला: बोट जिथे पहिल्यांदा टेकेल तिथेच ५. मग वर सरकलं की २, खाली ८, उजवीकडे ६. बटण शोधायचंच नाही, बटण बोटाखाली येतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ऑफिसमध्ये खुर्चीवरून उठून एक चक्कर मारून आलो होतो.

माझं स्वतःचं काम इतकं भव्य नाही. २००७ मध्ये एका कंपनीत लागलो, वेबसाइट स्क्रीन रीडरवर नीट चालतात का ते तपासायचं आणि दुरुस्त करायचं. पहिल्या महिन्यात उत्साहाने पानावरच्या प्रत्येक चौकटीला, रेघेला, चित्राला नाव देऊन टाकलं. शेजारी एक अंध सहकारी बसायचा. त्याने हेडफोन लावून दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "घर दाखवतोयस की एकेक वीट?" सजावटीच्या चित्राला रिकामं वर्णन द्यायचं असतं, म्हणजे स्क्रीन रीडर त्यावरून गप्प पुढे जातो. गप्प कुठे बसायचं हे शिकायला मला दोन वर्षं लागली.

बाकी विचारा, जमेल तसं उत्तर देतो.

---

कोकणकडा

मस्त लिहिलंय. मी तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे थेट विचारतो: पगार किती? आणि कोणती भाषा शिकू?

---

मोगरा_फुलला

वाचून डोळे पाणावले. देवाने एक दार बंद केलं तरी या मुलांमध्ये किती जिद्द असते! आपण डोळस असून किती कुरकुर करतो.

---

कानसेन

सहाठिपके, लेख आवडला. मी जन्मांध, कोल्हापूरचा, बँकेत नोकरी. दोन तक्रारी आहेत.

पहिली: रमण थोरच. पण आमच्यातले किती जण ईमॅक्स वापरतात? माझ्या ओळखीत एक, आणि तो लग्नातही कीबोर्डबद्दलच बोलतो. आम्ही वाढलो 'जॉज' या स्क्रीन रीडरवर. विकत घ्यायची ऐपत नव्हती. परवान्याशिवाय ते चाळीस मिनिटं चालायचं, मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करायचा. माझा सगळा अभ्यास चाळीस-चाळीस मिनिटांच्या तुकड्यांत झालाय. अजूनही चाळीस मिनिटांनी मला चहा लागतो, बायको म्हणते तुझं लायसन्स संपलं. मग एनव्हीडीए हा दुसरा स्क्रीन रीडर आला, फुकट, आणि आमची सुटका झाली.

दुसरी तक्रार तुमच्या शीर्षकातल्या 'साठी'वर. जॉज कोणी काढलं? टेड हेंटर, मोटरसायकलच्या शर्यती खेळायचा, १९७८ मध्ये अपघातात दृष्टी गेली. एनव्हीडीए २००६ मध्ये कोणी सुरू केलं? मायकेल करन आणि जेम्स टेह, ऑस्ट्रेलियातले दोन अंध तरुण. आयबीएमचं वेबपानं वाचणारं होम पेज रीडर १९९७ चं, ते चिएको असाकावांचं, त्याही अंध. रमण तर तुम्हीच सांगितलेत. म्हणजे 'अंधांनी केलेलं तंत्रज्ञान' म्हणा की.

मोगराताई, राग नाही, पण जिद्दबिद्द काही नाही हो. सकाळी उठतो, के. एम. टी.ची बस पकडतो, कर्जाच्या फायली बघतो. कुरकुर मीही भरपूर करतो. पुढचा प्रतिसाद तोच असेल.

---

सहाठिपके

कानसेन, 'साठी'चा मुद्दा शंभर टक्के मान्य. शीर्षक आता बदलत नाही, नाहीतर तुमचा प्रतिसाद अधांतरी लोंबकळेल.

कोकणकडा, सुरुवातीला साध्या टेस्टिंगइतकाच पगार, पुढे बरा होतो कारण माणसं कमी आहेत. भाषा म्हणशील तर एचटीएमएल, वेबपानं ज्यात लिहितात ती. हसू नकोस. बटण दिसायला बटण आणि आतून नुसता रंगवलेला चौकोन, अशी पानं तयार करणारे मी रोज बघतो. स्क्रीन रीडरला तो चौकोन बटण म्हणून कळतच नाही. पायथन शीक, एनव्हीडीए बहुतांशी त्यात आहे आणि सगळा कोड उघडा आहे. आणि आजच ते उतरवून घे, मॉनिटर बंद कर आणि रेल्वेचं तिकीट काढायचा प्रयत्न कर.

---

कानसेन

कुरकुर हजर आहे.

आमच्याकडे एका कार्यालयातून पत्रकं येतात, मराठीत. संगणक म्हणतो मराठी नाही. कारण फाँट जुना. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टाइप केलेला 'मराठी' हा शब्द फाइलच्या आत ई, जे, के, बी, एच असा बसलेला असतो. इंग्रजी अक्षरांवर मराठी आकाराचे मुखवटे. तुम्हाला मुखवटा दिसतो, मला आतला माणूस ऐकू येतो आणि तो 'एज्क्भ' असलं काहीतरी पुटपुटतो. पत्रक कशाबद्दल होतं, तर दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या सवलतींबद्दल!

---

सहाठिपके

हाहा. माझी मधली सहा वर्षं या मुखवट्यांतच गेली. आम्ही जुन्या फाँटमधली पुस्तकं युनिकोडमध्ये आणायचो, म्हणजे फाइलच्या आतही मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवायचो. वाटतं सोपं: या अक्षराच्या जागी ते अक्षर. पण जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण दिसते आधी. युनिकोडमध्ये ती नंतर हवी, कारण उच्चार नंतर. म्हणजे वेलांटी हातात धरून ठेवायची, पुढचं अख्खं जोडाक्षर जाऊ द्यायचं, मग सोडायची. रफाराचं बरोबर उलटं: 'कर्म'मध्ये रफार दिसतो शेवटी, म्हणून जुन्या फाँटात शेवटी, उच्चारात मात्र तो 'म'च्या आधी. त्याला उचलून मागे न्यायचं. (गंमत म्हणजे ब्रेलमध्ये ही भानगड नाही. भारती ब्रेलमध्ये 'कि' म्हणजे क, मग इ. जसं बोलतो तसं.)

आणि अर्धा ऱ. माझ्या पहिल्या आवृत्तीत तो गळायचा आणि त्याचा रफार व्हायचा. एका कथेत लग्नघर होतं. "आचाऱ्यांनी भजी तळायला घेतली" याचं झालं "आचार्यांनी भजी तळायला घेतली". पुस्तक ऐकणाऱ्या एका आजोबांनी निरोप पाठवला, की गोष्ट छान आहे पण आचार्यांना दुसरं काम नाही का.

---

शब्दवेल्हाळ

अवांतर होईल, पण उच्चारांचं काय? आपल्या लिपीत च आणि ज एकेकच, उच्चार मात्र दोन-दोन. 'हे जग मोठं आहे' आणि 'शंभर वर्षं जग' यातला ज वेगळा. यंत्राला कसं कळतं?

---

कानसेन

नाही कळत. माझ्या स्क्रीन रीडरचा आवाज वर्षानुवर्षं चाकातला च चंद्रातल्या चसारखा म्हणतोय. सवय झाली. नवे आवाज गोड आहेत, पण मी जुना, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, ईस्पीक या बोलणाऱ्या प्रोग्रामचाच आवाज वापरतो, कारण वेग वाढवला तरी त्याची अक्षरं एकमेकांत मिसळत नाहीत. माझ्या वेगात तुम्हाला मधमाश्यांचं पोळं ऐकू येईल. डोळस इंजिनिअर नेहमी 'माणसासारखा आवाज' करायला धावतात. कामाच्या वेळी मला माणसासारखा नको, लवकर संपणारा हवा. कादंबरीला चालेल माणूस.

---

पाटीपेन्सिल

मी अंध विद्यार्थ्यांना पंचवीस वर्षं शिकवले. आपणा सर्वांचे बोलणे आवाजाभोवती फिरते आहे म्हणून लिहिते. अलीकडची मुले सर्व काही कानाने शिकतात. हुशार आहेत, पण 'दिन' आणि 'दीन' यांत फरक आहे हे त्यांना कळायला मार्ग नाही. यंत्र दोन्ही सारखेच म्हणते. ब्रेलमध्ये इ म्हणजे २ आणि ४ हे ठिपके, ई म्हणजे ३ आणि ५. बोट चुकत नाही. माझा एक विद्यार्थी बारावीत उत्तम गुणांनी आला आणि नोकरीच्या अर्जात स्वतःच्या गावाचे नाव चुकीचे लिहून बसला. त्याने ते नाव कधी 'वाचलेच' नव्हते. ठिपके वर-खाली होणारी ती ब्रेलची पट्टी शाळेला का परवडत नाही, हे कोणी सांगेल का?

---

सहाठिपके

बाई, तुमचं उदाहरण मी जपून ठेवणार आहे.

पट्टी महाग, कारण तिच्यात प्रत्येक ठिपका ही स्वतंत्र हलणारी काडी आहे. विजेचा दाब दिला की वाकणारी सिरॅमिकची पातळ पट्टी खाली असते, ती काडीला वर ढकलते. कॉम्प्युटरचं ब्रेल आठ ठिपक्यांचं. चाळीस अक्षरांची ओळ म्हणजे ३२० काड्या, त्याही अडीच मिलिमीटर अंतरावर, रोज हजारो बोटं फिरली तरी न दबणाऱ्या. एवढं सगळं करून मिळते एकच ओळ. मोबाइलसारख्या या पट्ट्या लाखोंनी विकल्या जात नाहीत, म्हणून किंमत उतरत नाही. आयआयटी दिल्लीने २०१९ मध्ये 'डॉटबुक' काढलं ते याच दुखण्यावर. भाच्यासारख्यांनी डोकं घालायचं तर इथे घालावं. गॉगल पुरे झाले.

---

पिट्सबर्गकर

मी इथे अमेरिकेत याच क्षेत्रात आहे. खरं सांगू, इथे नोकऱ्या आहेत त्या दयेमुळे नाहीत, कायद्यामुळे. सरकारी खात्यांनी घेतलेलं सॉफ्टवेअर सर्वांना वापरता आलंच पाहिजे हे कलम ५०८ १९९८ मध्ये कडक झालं. युरोपचा याच विषयाचा कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला आणि त्याच्या आधीच्या वर्षभरात आमच्याकडे माणसं मिळेनाशी झाली. भारतात काय स्थिती?

---

कानसेन

दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, चांगला आहे. मोठी गोष्ट घडली ती ३० एप्रिल २०२५ ला. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. खटला कशावर होता माहितीय? केवायसीवर, म्हणजे खातं उघडताना ओळख पटवण्यावर. मोबाइलसमोर चेहरा धरा आणि डोळ्यांची उघडझाप करा, म्हणजे तुम्ही जिवंत आहात हे सिद्ध होईल. अॅसिड हल्ल्यात पापण्या गेलेल्या स्त्रिया आणि आम्ही, दोघेही त्या हिशोबाने मेलेले. मी स्वतः एका ठिकाणी खातं उघडताना अकरा वेळा चेहरा वर-खाली केला. चौकट कुठे आहे तेच दिसत नाही, तर चेहरा मध्ये आणू कसा? शेवटी मुलीने माझी हनुवटी धरली. मी बँकेत नोकरी करतो, हे पुन्हा लिहितो.

---

कोकणकडा

काल मॉनिटर बंद करून तिकीट काढायचा प्रयत्न केला. पंचावन्न मिनिटं. तारीख निवडायलाच वीस. तिकीट निघालं नाही. मग एक प्रश्न पडला: आता एआय फोटो बघून सगळं सांगतो. मग हे क्षेत्र पाच वर्षांत संपणार नाही का?

---

कानसेन

भावा, पंचावन्न मिनिटांत हार मानलीस? तुला चाळीस मिनिटांचं लायसन्स पाहिजे.

एआय मी रोज वापरतो. 'बी माय आईज' हे समोर काय आहे ते सांगणारं अॅप २०१५ मध्ये आलं तेव्हा फोनवर पलीकडे खरा माणूस असायचा, आता आधी एआय सांगतो. लग्नाचा अल्बम मी लग्नानंतर एकोणीस वर्षांनी 'पाहिला'. बायकोची साडी हिरवी होती हे माहीत होतं, नथ जरा वाकडी बसली होती हे त्याने सांगितलं. बायको म्हणाली खोटं आहे. सासूबाई म्हणाल्या खरं आहे.

पण एका दुसऱ्या अॅपला औषधाची पट्टी दाखवली, तर त्याने मुदतीची तारीख ठणठणीत आवाजात सांगितली. मुलीने बघितलं, तर तारखेचा भाग मी आधीच फाडून टाकलेला होता. पट्टीवर तारीखच नव्हती! 'मला दिसत नाही' म्हणायची त्या यंत्राला लाज वाटते. आम्हाला वाटत नाही. आता औषध असेल तर मी खाली मेडिकलवाल्याला विचारतो.

---

सहाठिपके

कोकणकडा, पुढच्या काही वर्षांचं काम तुला कानसेननी सांगून टाकलं. बरोबर उत्तर देणारे पुष्कळ येतील. आपल्याला नक्की दिसलेलं काय आणि अंदाज काय, हे आवाजातून कसं कळवायचं? रमण यांनी घात चढ्या आवाजात वाचला. मग शंका कुठल्या आवाजात वाचायची? मला उत्तर माहीत नाही. भाच्याला हा प्रश्न दिलाय, त्याच्या गाइडना पसंत पडला तर बरं. "यात हार्डवेअर कुठे आहे" असं विचारलं म्हणे त्यांनी.

---

पाटीपेन्सिल

धाग्याचा विषय थोडा सोडून विचारते. शाळेच्या कपाटात बालसाहित्याच्या चौदा सीडी आहेत, पेजमेकर या छपाईची पाने मांडायच्या जुन्या प्रोग्रामच्या फाइली. फाँट कोणता हे छापणाऱ्यांनाही आठवत नाही. मुलांना या पुस्तकांचे ब्रेल करून हवे आहे. काही होऊ शकेल का?

---

सहाठिपके

होईल बाई. एका फाइलची प्रत आणि त्याच पुस्तकाच्या छापील पहिल्या पानाचा फोटो व्यनि करा. उजेडात काढा. दोन्ही शेजारी ठेवले की फाँट ओळखता येतो. रविवारी बसतो. कोकणकडा, हात रिकामे असतील तर तूही ये.

---

कोकणकडा

येतो.

---

कानसेन

तपासायला मी आहे. पहिली फाइल झाली की पाठवा, आणि त्याआधी ते आचारी बघून घ्या.